दोराचं खालचं टोक

सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत मला घमेंडखोर म्हणतात. का, तर चालताना माझी मान वर असते. ओट्यावर बसलेल्या बायकांकडं बघायचं सोडून मी लिंबाचा शेंडा बघते, तारेवर रेललेली शेवग्याची फांदी बघते, कुणाच्या पत्र्यावर काय झुकलंय ते बघते. बोलतात तर बोलू देत. आमचे मालक झाडं छाटतात. ते वर असतात, मी खाली असते आणि मध्ये दोर असतो. इतकी वर्षं वर बघून मान तशीच राहिली. आता कुणाला बरं वाटावं म्हणून ती खाली कशी आणू?

आधी ते कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर होते. तिथली जुनी यंत्रं भंगारात गेली, नवी आली, आणि नव्या यंत्रांना माणसं थोडी लागतात. खानदेशात गावी असताना ते आंबे, चिंचा उतरवायला चढायचे, तेवढी एक विद्या अंगात होती. सुरतेत झाडं कमी नाहीत. सोसायटी तिथं झाड, झाड तिथं विजेची तार, आणि तारेला फांदी लागली की लोकांना आमचा नंबर आठवतो. सुरुवातीला खाली भावकीतलाच एक माणूस उभा केला होता. तो फोनवर बोलता बोलता दोर सोडून बसला आणि अख्खी फांदी एका गाडीच्या काचेवर आली. तेव्हापासून खाली मी.

लोकांना वाटतं, झाड छाटणं म्हणजे वरच्याचं काम. खालच्यानं काय, नुसतं उभं राहायचं. येऊन बघा म्हणावं. फांदी कापायच्या आधी तिला दोर बांधतात. तो वरच्या एका बेचक्यातून खाली येतो. मी त्याचा खोडाला वेढा घेते, तळहाताला जुना सदरा गुंडाळते आणि पाय रोवून उभी राहते. करवत पार झाली की फांदीचा सगळा भार त्या वेढ्यावर येतो. मग वरून आवाज येतो, ढील! आणि मी हळूहळू सोडते. शब्द पतंगाचा आहे, पण सुरतेत राहून पतंगाची भाषा कुणाला चुकली?

तेव्हा आमच्याकडं एकच लांब दोर होता. त्याचं एक टोक फांदीला, दुसरं मालकांच्या कमरेला, आणि मधला भाग खाली माझ्या हातात. सगळं छाटून झालं की ते कमरेची गाठ सोडायचे, दोराला मोठी करवत बांधून खाली द्यायचे आणि मोकळ्या हातांनी उतरायचे. तेवढं मोठं पातं हातात धरून कोण उतरणार? छोटा कोयता मात्र कमरेलाच खोचलेला असायचा. करवत खाली आली की आमच्या लेखी काम संपलं. पण करवत खाली आली म्हणजे दोरही खाली आला, आणि वर राहिला तो नुसता माणूस. पुढं जे झालं ते ह्याच्यामुळंच झालं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी नवऱ्याचं नाव घेत नाही. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे माझ्या सासूनं मला अंगाची हळद उतरायच्या आत बजावलं होतं. तिनं स्वतः सासऱ्यांचं नाव कधी घेतलं नाही आणि तरी सासरे ऐन उमेदीत गेले. हे मी तिला एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, घेतलं असतं तर आणखी आधी गेले असते. मी लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. उखाण्यात चालतं, कारण तिथं नाव एकटं नसतं, त्याच्या मागंपुढं महादेव-पार्वती असतात.

माझी मुलगी नंदुरबारला दिली आहे. ती नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, तीही ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. जावई चांगला धडधाकट आहे. मला काय दिसत नाही? दिसतं. पण दिसणं वेगळं आणि जीभ वळणं वेगळं.

तर मी खालून मालकांना "अहो" म्हणून हाक मारायची. पाणी पिता का, अहो. तार जवळ आहे, अहो. तिकडं गांधीलमाशीचं पोळं आहे, अहो. दिवसभर माझं आपलं चालूच. माझा जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा मला गप्प राहता येत नाही, आणि ते वर असताना माझा जीव दुसरीकडं कुठं असणार? पण ऐकून ऐकून त्यांच्या कानाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बाई खाली आहे म्हणजे काहीतरी म्हणतच असणार.

ते पडले त्या दिवशी आम्ही पर्वत पाटियाकडच्या एका सोसायटीत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच झाडं आठवतात, तशी गर्दीची वेळ होती. झाड गुलमोहराचं. गुलमोहर मला कधीच आवडला नाही. दिसायला भरदार, आणि मोडायला मुळ्यासारखा. सोसायटीच्या प्रमुखबेन समोरच राहायच्या. बाई वाईट नाही हो, उगाच कशाला खोटं बोलू. मला बसायला खुर्ची दिली, दोघांसाठी छास, म्हणजे ताक पाठवलं. काम छान झालं. करवत खाली आली, दोर माझ्या पायाशी पडला, मी तो गुंडाळायलाही घेतला.

तेवढ्यात प्रमुखबेन गॅलरीतून बोट दाखवून म्हणाल्या, "भाई, आ एक डाळी पण कापी नाखो ने." म्हणजे ही एक फांदीपण कापून टाका.

हे सगळीकडं असंच असतं. काम चालू असताना कुणाला काही दिसत नाही. दोर खाली आला की सगळ्यांना एक फांदी दिसते. एकच. छोटीशी. आणि मालकांना नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, अहो, दोर वर फेकते, बांधून घ्या. ते म्हणाले, एका फांदीला काय दोर? आणि कमरेचा कोयता काढून सरकले.

कापायची फांदी शाबूत होती. ज्या फांदीवर ते उभे होते, तिच्या बेचक्यात मला खालून एक पांढरी रेघ दिसली. आधी नव्हती. बघता बघता ती रुंद झाली. मी बोंबलले, "अहो! अहो!" वॉचमन वळला. गाडी धुणारा वळला. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उचलून धरली. त्या सोसायटीतले सगळे पुरुष माझ्या हाकेला वळले, फक्त माझा तेवढा वळला नाही.

ते उभेच्या उभे खाली आले, टाचांवर. आवाज फार मोठा झाला नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो आणि मला त्याचा राग येतो. एवढा मोठा माणूस पडला आणि आवाज एवढासा.

सरकारी दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, पेशंटचं नाव? माझी दातखीळ बसली. मागं रांग, स्ट्रेचरवर मालक कण्हतायत, आणि मी पिशवी उलटीपालटी करतेय. आधारकार्ड त्यांच्याच मागच्या खिशात होतं, अंगाखाली दबलेलं. खिडकीतला माणूस चिडला, म्हणाला, बाई, नाव सांगायला कार्ड कशाला लागतं? त्याला काय कळणार! ह्या माणसाचं आयुष्य आत्ताच एका फांदीवरून घसरलंय. किती उरलंय मला ठाऊक नाही. त्यातलं मी माझ्या तोंडानं आणखी कमी करू? माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं पण नाव काही येईना. शेवटी मालकांनी दात आवळून, आढ्याकडं बघत, स्वतःच स्वतःचं नाव सांगितलं.

उजव्या टाचेचं हाड मोडलं होतं. कंबर मुका मार खाऊन सुजली होती, पण मणका वाचला. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला, टाच दिसत होती पायाखाली आलेल्या बिस्किटासारखी. म्हणाल्या, हाड जुळेल, पण पूर्वीसारखी टाच होणार नाही. झाडावर चढायचं आता विसरा.

घरी आणलं तर सासू दारातच बसलेली. "काय व्हयनं वं माय?" म्हणत तिनं पहिल्यांदा त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तू नाव लिधं व्हई कोठेतरी." म्हणजे तू कुठंतरी नाव घेतलं असणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीवर सगळ्या रांगेच्या शिव्या खाल्ल्या, पण नाव घेतलं नाही, आणि हे वर मलाच! म्हातारीचा मुलगा पलंगावर पडलाय म्हणून मी गप्प बसले, नाहीतर त्या दिवशी घरात भांडण झालं असतं.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही. गेले म्हणायचं. मी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम आणलं. मालक प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून पंख्याकडं बघत. हातात काम नसलेला माणूस घरात असला की घर लहान होतं. ते सारखी कूस बदलत, मी सारखी उठून दाराशी जाई आणि परत येई. टिकली डावीकडं लावायची ती उजवीकडं लागे. दुपारी जरा डोळा लागला की ती पांढरी रेघ दिसे आणि मी दचकून उठे, तर ते तिथंच, पंख्याखाली.

प्लास्टर निघालं तशी आणखी पंचाईत. आता ते स्टुलावर चढून बल्ब बदलू लागले. एकदा गच्चीवरून आवाज आला म्हणून मी धावत गेले, तर महाराज टाकीच्या शिडीवर. म्हणे टाकी भरली का बघतो. मी खालून शिडी धरून उभी राहिले आणि तोंडाचा पट्टा सोडला. ते उतरले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. उजवा पाय पायरीवर टेकला तरी त्यांना कळत नव्हतं. डावा पाय घट्ट ठेवून, उजवा कुठं टेकला ते वाकून बघून, मग ते पुढची पायरी घेत. त्या टाचेला खालचं काही समजेनासं झालं होतं. ते म्हणाले, असं काही नाही. पण मी रोज बघत होते ना.

एक दिवस त्यांनी विषय काढलाच. म्हणाले, लूमवर परत जायचं तर बारा तास उभं राहायचं, ह्या टाचेवर ते होणार नाही. वॉचमनकी केली तर लोक गेट उघड, गेट लाव करून दमवतील. झाडावर फांदीवर बसून काम असतं, टाचेवर भार येतोच कुठं? मला संताप आला तो ह्याचा, की ते बोलत होते त्यात खोट काढता येत नव्हती. ज्या झाडानं पाय मोडला, त्याच झाडावर त्या पायाला आराम. दोन दिवसांनी मी म्हणाले, तुम्ही जाणारच असाल तर एकटे नाही जायचं. कमरेला वेगळा दोर घ्यायचा, फांदीचा वेगळा. आणि पाय मातीला लागेपर्यंत कमरेची गाठ सोडायची नाही, देवाची शप्पथ घ्या. त्यांनी घेतली. फार पटकन घेतली, तेच मला आवडलं नाही.

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेल्यावर आम्ही पुन्हा बाहेर पडलो. तेव्हा सुरतेच्या झाडांवर पानांपेक्षा फाटके पतंग जास्त असतात आणि मांज्यानं हात कापतात. छोटी छोटी कामं केली. कमरेचा दोर जागच्या जागी राहिला. माझी मान पुन्हा दुखायला लागली, आणि खरं सांगते, बरं वाटलं. मग प्रमुखबेनचा फोन आला. तीच सोसायटी, ह्या वेळी मागच्या अंगाचा लिंब. मी म्हटलं, तिथं नको. मालक म्हणाले, झाडाचा काय दोष, माणसांचा काय दोष. रिक्षात मी दोर मांडीवर घेऊन बसले होते, आणि सारखी गाठ चाचपत होते.

तीच खुर्ची, तीच छास. प्रमुखबेननं मालकांच्या पायाची चौकशी केली, अगदी मनापासून केली. गुलमोहराच्या मोडक्या फांदीला बाजूनं नवे धुमारे आले होते. मी तिकडं पाठ करून उभी राहिले. लिंब चांगला असतो, दगा देत नाही. काम सरळ झालं. फांद्या उतरल्या, मांज्याचे गुंते उतरले, करवत उतरली. कमरेचा दोर मात्र वरच होता, शपथेप्रमाणं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना नमस्कार करून टाकला.

"भाई," गॅलरीतून आवाज आला, "आ एक डाळी पण."

तेच बोट. तोच गोड आवाज. बाई विसरली होती, आणखी काय. फांदी पलीकडच्या अंगाला होती, पार्किंगच्या पत्र्यावर गेलेली. मालकांनी तिकडं पाहिलं, सरकून बघितलं. कमरेचा दोर ताणला गेला. मध्ये एका फांदीला अडकून तिकडं तो पुरत नव्हता. मी खालून म्हणतेय, अहो, राहू द्या, उतरा. ते मागं न बघता हात हलवून म्हणाले, "एका फांदीला काय दोर?" आणि त्यांचा हात गाठीकडं गेला.

गाठ सुटली. दोर खोडाला लागून लोंबायला लागला. त्यांनी एका हातानं वरची फांदी धरली आणि उजवा पाय पुढं टाकला. उजवाच. तो हवेत काहीतरी शोधत होता आणि ते खाली बघत नव्हते, समोरच्या फांदीकडं बघत होते. मी ओरडले, "अहो!" वॉचमन वळला. मी आणखी जोरात ओरडले. गाडी धुणारा वळला. मला त्या सगळ्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पाय फांदीच्या कडेवर टेकला, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, आणि त्या मेल्या टाचेला त्याचा पत्ताच नव्हता. ते भार टाकायला लागले.

मग माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं.

नुसतं नाव. पुढं राव नाही, मागं महादेव नाही. उन्हात खेळायला गेलेल्या पोराला आई ओट्यावरून हाक मारते तसं, एकेरी, घसा फुटेस्तोवर. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. ह्या वेळी वॉचमन वळला नाही, गाडी धुणारा वळला नाही. जिथं जायचं तिथंच ती हाक गेली. मालक जागच्या जागी थिजले. पाय मागं घेतला आणि मान खाली करून माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. आपल्याला कुणी हाक मारली तेच त्यांना समजत नव्हतं.

मी पुन्हा एकदा नाव घेतलं आणि म्हटलं, "दोर बांध."

बांधा नाही म्हटलं. बांध.

ते फांदीवर मांडी टाकून बसले. लोंबता दोर ओढून घेतला आणि गाठ मारली. मग सावकाश, प्रत्येक ठिकाणी उजवा पाय बघून बघून टेकवत, ते खाली आले. ती फांदी तशीच राहिली, अजून आहे. प्रमुखबेन गॅलरीत तोंडावर हात धरून उभ्या होत्या. त्यांनाही आता आठवलं होतं.

मी खोडाला पाठ लावून खाली बसले आणि मला रडू फुटलं. दोनदा नाव घेतलं होतं मी, भर दिवसा, चार माणसांत. किती कमी झालं असेल? एका वेळचं किती असतं, हे सासूनं कधी सांगितलं नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती, कुणी हसायचं तर हसो. पण ते समोर उभे होते. मातीवर. जे काही उरलं असेल नसेल, ते घेऊन दोन पायांवर उभे होते.

त्यांनी चपला घातल्या. करवत पोत्यात गुंडाळली. मग माझ्या बाजूला उकिडवे बसून, इकडंतिकडं बघून, हळूच म्हणाले, "घरी आईसमोर नको घेऊ."

मी पदरानं नाक पुसलं आणि त्यांच्या कमरेला हात घातला. गाठ सोडायला ते विसरले होते. ती मी सोडली.

"घरी कशाला घेईन?" मी म्हटलं. "झाडावर असाल तोवर नाव. खाली आलात की अहो."